माळाच्या नोंदी: दिवाळीपासून गवत कापणीपर्यंत

ठिकाण: कर्नाटकातल्या निपाणी–चिकोडी पट्ट्यातलं आमच्या गावचं गायरान आणि त्याला लागून असलेला मुरमाड माळ. काम: कोणते पक्षी वर्षाच्या कोणत्या महिन्यात, कोणत्या उंचीच्या गवतात असतात ते लिहून ठेवणं आणि त्या लेखी पुराव्यावर ग्रामपंचायतीकडून हा माळ माळ म्हणूनच राखून घेणं. माणसं: मी (गावच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते), कॉलेजला जाणारी गावातली दोन मुलं, आठवी-नववीचे विद्यार्थी आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन माळावर येणारे धनगर आज्जा. माळाची खरी माहिती आज्जांकडे आहे, मी फक्त लिहून घेते. घरटी आणि भोवत्यांच्या (हॅरियर या शिकारी पक्ष्यांच्या) रातथाऱ्याची, म्हणजे रात्री उतरण्याची, नेमकी जागा या वहीत मुद्दाम लिहिलेली नाही.

१० नोव्हेंबर २०२४

पहिली पाहणी. खाली वेदगंगेच्या बाजूला ऊसच ऊस, कारखान्यांचे ट्रॅक्टर सुरू झालेत. चढ चढून वर आलं की पाणी संपतं आणि माळ लागतो. गावात याला ‘पड’ म्हणतात आणि सरकारी कागदावरही तो जवळपास तसाच नोंदलेला आहे.

चालायला लागल्यावर लक्षात येतं की इथे तीन वेगळे माळ आहेत. रस्त्याकडेचा भाग म्हणजे मुरूम, दगडगोटे आणि मेंढरांनी घोट्याखाली आणलेलं गवत. मधे गुडघाभर कुसळी. पायमोज्यात घुसलेली कुसळं घरी जाऊन काढत बसावी लागतात. ओढ्याकडे उतरताना गवत कमरेला लागतं, मधूनमधून बोरी-बाभळी.

पक्षीही तसेच वाटले गेलेत. उघड्या मुरमावर माळटिटव्या, डोंबारी, मुरारी आणि धान तिरचिमण्या. गुडघाभर गवतात तुरेवाला चंडोल आणि पायाखालून भर्रकन उठणारे लावे. बोरींच्या शेंड्यांवर गप्पीदास. ओढ्याकडच्या एका बाभळीवर राखी खाटीक बसला होता, डोळ्यावर काळी पट्टी, बाकी अंग राखी. एकच होता. कापशी घार दोनदा एका जागी पंख फडफडवत थांबली आणि खाली गेली.

यापुढे मोजणीची वाट ठरलेली राहील. तीच एक किलोमीटरची ओळ, तीच वेळ, चालण्याचा तोच वेग. दर वेळी वेगळ्या वाटेने गेलं तर महिन्या-महिन्यांची तुलना करता येत नाही.

२४ नोव्हेंबर

भोवत्ये आले. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर लांबूनच ओळखू येतो: करडा रंग, पंखांची टोकं काळी आणि वरून पंखावर आडवी काळी रेघ. पांढुरका भोवत्या त्याहून फिकट, पंखाच्या टोकाला काळं पाचर मारल्यासारखं. माद्या आणि या वर्षीची पिल्लं मात्र तपकिरी, दोन्ही जातींची एकमेकांसारखी. खात्री नसेल तिथे नुसतं ‘भोवत्या’ लिहायचं, असं मुलांना सांगितलंय. अंदाजाने जात लिहिलेली वही पुढे कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.

हे पक्षी कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ प्रदेशांतून इथवर येतात. तिथून निघून आमच्या माळावर नाकतोडे खायला उतरतात. गवताच्या वर दोन-तीन हात उंचीवरून, पंख किंचित वर उचलून, सावकाश डुलत जातात आणि मधेच वळून खाली झेप घेतात. नववीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, ते इतक्या लांबनं येतात, मग हितं गवत नसलं तर?” वहीच्या मागच्या पानावर हा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून ठेवलाय. पंचायतीत बोलताना लागेल.

१५ डिसेंबर

आज रातथाऱ्याची मोजणी. भोवत्ये झाडावर झोपत नाहीत. संध्याकाळी चहूबाजूंनी येतात, उंच गवतावर घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता एकेक करून गवतात उतरून जमिनीवरच रात्र काढतात. म्हणून वणवा, मोकाट कुत्री आणि रात्रीची गाडी या तिन्हींचा धोका त्यांना सर्वांत जास्त.

पद्धत अशी ठेवली: सूर्य पाठीशी घेऊन पाच वाजल्यापासून लांब बांधावर बसायचं, उठायचं नाही, फक्त खाली उतरणारे मोजायचे. वर फिरणारे मोजले की तोच पक्षी दोनदा धरला जातो. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि शेवटी आकडे जुळवायचे. आज दोघांचाही आकडा अकरा आला.

गुजरातमधल्या वेळावदरला भोवत्यांचा जगातला एक फार मोठा रातथारा आहे, तिथली संख्या शेकड्यांत जाते. आमचे अकरा त्यापुढे काहीच नाहीत. पण मधल्या सगळ्या वाटेवर असे छोटे छोटे थारे असल्याशिवाय हा पक्षी दख्खनभर हिवाळा काढू शकणार नाही. आमच्या अकरांचं मोल मला एवढ्यासाठीच वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे उडून गेल्याची खात्री करून, मुलांनी चार-पाच गोळ्या गोळा केल्या. शिकारी पक्षी न पचलेला भाग गोळी करून तोंडावाटे टाकतात. शाळेत पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवल्या: नाकतोड्यांचे पाय आणि जबडे भरपूर, थोडी बारीक पिसं, एका गोळीत उंदराचं हाड. शेतातले नाकतोडे आणि उंदीर कोण खातं, हे फळ्यावर लिहून समजत नाही तेवढं त्या ताटलीत समजलं. एका मुलाच्या वडिलांची तंबाखू आणि शाळू माळाला लागूनच आहे. तो ताटली घरी दाखवायला घेऊन गेला.

१२ जानेवारी २०२५

रस्त्याकडच्या बाजूने कुणीतरी गवत पेटवलं. बांधाच्या आत थांबलं, मोठं नुकसान नाही. पेटवण्यामागे वाईट हेतू नसतो. वाळलेलं जाळलं की पावसात कोवळं लवकर फुटतं, हा जुना समज आहे. काही जण बांधावरची कुसळी शेतात येऊ नये म्हणून जाळतात.

आज्जा आज आले. मेंढरं खाली नदीकाठच्या शेतांत बसवलीत, दिवसा चरायला वर आणतात. त्यांना जाळण्याचं विचारलं तर म्हणाले, “जाळल्यालं गवात मेंढरू खात न्हाई, वाट बघत बसतंय. आन् मुळं कमजोर झाली की कुसळीच वाढती, गोडं गवात मरतंय.” कुठल्या भागात कधी चारायचं याचा त्यांचा हिशेब पक्का आहे. रस्त्याकडचा भाग ते सारखा चारतात, मधला एकाआड एक, आणि ओढ्याकडच्या उंच गवतात लांडग्याच्या भीतीने मेंढरू घालतच नाहीत.

आमच्या नोंदीतले तीन माळ असे तयार झालेत. चराई आणि लांडगा, दोघांनी मिळून केलेले. टिटवीला लागणारा उघडा मुरूम मेंढरांमुळे राहतो आणि भोवत्याला लागणारं उंच गवत मेंढरं तिथे जात नाहीत म्हणून. चराई पूर्ण बंद केली तर सगळीकडे एकाच उंचीची कुसळी होईल. कुंपण घालून माळ ‘वाचवायचा’ विचार काही जण बोलून दाखवतात, त्यांच्यासाठी हे इथे ठळक लिहून ठेवते.

पुढच्या दोन दिवसांत मुलांनी आणि आज्जांच्या नातवाने मिळून उंच गवताच्या कडेने जाळरेषा काढली: विळ्याने गवत कापून सहा-सात हात रुंद पट्टा मोकळा. कापलेलं गवत आज्जांनी नेलं. संक्रांतीच्या दिवशी काम संपलं. तिळगूळ माळावरच वाटला.

२६ जानेवारी

ग्रामसभा. पावसाळ्यात उद्योग खात्रीतून (म्हणजे रोजगार हमीतून) गायरानावर वृक्षलागवड करायचा प्रस्ताव आला. जेसीबीने समतल चर आणि चरांच्या कडेने रोपं. जागा कागदावर पडीक, त्यामुळे ‘विकासाला’ मोकळी. सभेत कुणालाच यात वावगं वाटलं नाही आणि त्यात आश्चर्यही नाही. आपण सगळे शाळेत “झाडे लावा” हेच शिकलो, मीही तेच शिकवत आले.

मी उभी राहून बोलले. थोडक्यात असं: पाऊस कमी आणि माती पातळ असलेल्या मुरमावर गवत हेच पूर्ण वाढलेलं रान आहे. गवताची मुळं खोल जातात, पाणी धरतात, माती धरतात, आणि त्यांनी साठवलेला कार्बन जमिनीखाली राहतो, वणव्यातही तो जळत नाही. तिथे ग्लिरिसिडिया किंवा अकेशिया लावला की सावलीत गवत मरतं, मेंढरांचा चारा जातो, आणि उघड्या आभाळाची सवय असलेले पक्षी जागा सोडतात. टिटवीला दूरवर बघता आलं पाहिजे. झाड झालं की त्यावर कावळा बसतो आणि खालच्या अंड्यांवर त्याची नजर असते. झाडं लावायला माझा विरोध नाही. ओढ्याच्या काठावर, शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला, स्मशानभूमीत कितीतरी जागा मोकळ्या आहेत.

एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “बाई, टिटवीसाठी झाडं थांबवायची?” तेवढ्यात मागून आज्जांचा आवाज आला: “टिटवी ऱ्हाऊ दे. माझी शंभर मेंढरं कुठं चारू, त्ये सांगा.” सभेचा रोख तिथून बदलला. पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की कन्नडमध्ये लेखी अर्ज द्या, नकाशा जोडा, कुठे काय आहे ते आकड्यांसह दाखवा.

९ फेब्रुवारी

अर्जाचं काम. कॉलेजच्या मुलांपैकी एकाचं कन्नड उत्तम आहे. मी मराठीत लिहायचं, त्याने कन्नडमध्ये उतरवायचं, आणि शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी तपासायचं.

अर्जात घेतलेले मुद्दे इथे उतरवून ठेवते, दुसऱ्या गावाला उपयोगी पडतील. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ७१ खाली गावाच्या जनावरांसाठी गोमाळ राखून ठेवता येतो, आणि १९६६ च्या नियमांतला ९७ वा नियम दर शंभर जनावरांमागे १२ हेक्टर चराऊ जमीन धरतो. म्हणजे गायरानाचं ‘गायरान’ असणं हाच आपला पहिला आधार. दुसरा आधार जैवविविधता कायदा २००२ चा: प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी मिळून केलेली जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्या यादीला अधिकृत जागा मिळायची तर ती त्या वहीत.

पक्ष्यांच्या बाजूने ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल वापरला. हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून त्यात ९४२ जातींची पाहणी झाली आणि १७८ जाती सर्वाधिक काळजीच्या ठरल्या. आमच्या बाभळीवरचा राखी खाटीक दीर्घकाळात ८० टक्क्यांहून जास्त घटलाय. तो ‘एकच होता’ असं मी नोव्हेंबरमध्ये लिहिलं होतं. त्या एकाकडे आता वेगळ्या नजरेने बघते.

शेवटी एक परिच्छेद इतिहासाचा जोडला. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये छापली, आपल्याकडच्या एका चंडोलाला आजही त्यांचं नाव आहे. कॅप्टन ई. ए. बटलर यांनी १८८१ मध्ये दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखाच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. या मुलखातल्या पक्ष्यांची मोजदाद होऊन दीड-दोनशे वर्षं झाली. कागदावरच्या ‘पडीक’ या शिक्क्याआधीची ही नोंद आहे, हे पंचायतीला कळावं.

माळढोकाबद्दल काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. आमच्या माळावर तो नाही. महाराष्ट्रात नान्नज, कर्नाटकात बळ्ळारीजवळचा सिरुगुप्प, एवढीच त्याची नावं आपण ऐकतो. १९७४ साली झालेल्या राणेबेन्नूरच्या अभयारण्यातही तो पूर्वी दिसायचा, आता तिथे काळवीटच आहे. माळांचं शेत झालं, माळांवर झाडं लावली गेली, वर विजेच्या तारा आल्या. त्याला समोरचं फार कमी दिसतं आणि उडताना तो तारेवर आदळतो. तारांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये त्यावर आदेश आला. अर्जात एवढंच लिहिलं: माळढोकाचं घर ज्या पद्धतीने गेलं त्याच पद्धतीने उरलेल्यांचं जाऊ नये.

१६ फेब्रुवारी

१४ ते १७ फेब्रुवारी जगभर चाललेल्या पक्षीगणनेत शाळा सहभागी. पंधरा मिनिटं एका जागी थांबून जे दिसेल ते नोंदवायचं. माळाकडेच्या शाळूत काळ्या डोक्याचे भारीट हजारोंनी उतरलेत. थवा उठला की पिवळं आभाळ. मुलं ओरडायचं विसरून बघत राहिली. भोरड्याही आहेत. राखणीला बसलेल्या काकू गोफण हातात घेऊन म्हणाल्या, “मोजा, मोजा, आन् थोडी तुमच्या वहीत न्या बांधून.”

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून सकाळी उशिरा माळावर. भोवत्ये गेलेत. डोंबारी नराची कसरत सुरू झालीय: सरळ वर, पंख मिटून दगडासारखा खाली, जमिनीपासून थोडं वर असताना पुन्हा झेप, पुन्हा खाली, आणि खाली येताना लांब शीळ. एवढासा चिमणीएवढा पक्षी, भर उन्हात.

माळटिटव्यांची जोडी मुरमावर सारखी बसते-उठते. छातीने जमीन घासून खळगा करायचं काम चाललंय.

१३ एप्रिल

घरट्यांचा महिना. ‘घरटं’ म्हणायचं तर काहीच नसतं. मुरमात उथळ खळगा, कडेला खडे, आणि खड्यांच्याच रंगाची चार अंडी. आज दुर्बिणीतून बघितलेलं इथे सविस्तर लिहिते, कारण उन्हाळी जेसीबीच्या एका फेरीत काय जातं ते यावरून कळेल.

सकाळी दहानंतर जमीन इतकी तापते की हात ठेववत नाही. माळटिटवी तेव्हा अंडी उबवायला बसत नाही, सावली द्यायला उभी राहते. नर-मादी पाळी बदलतात. पाळी बदलण्याआधी एक जण ओढ्यातल्या उरलेल्या डबक्यावर जातो, पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. पाणी आटलं की हेही थांबणार. म्हणून त्या डबक्यात जनावरं धुवायची नाहीत आणि त्यातून टँकर भरायचा नाही, एवढी विनंती शेजारच्या शेतकऱ्यांना केली. दोघांनी लगेच मान्य केलं. एकाच्या विहिरीतून आता रोज थोडं पाणी डबक्यात सोडलं जातंय. आम्ही मागितलंही नव्हतं.

धाविकांची जोडीही आहे. नारिंगी-तांबूस छाती, पांढरे लांब पाय, डोळ्यामागे काळी-पांढरी रेघ. थोडं पळायचं, थबकायचं, वाकून काहीतरी टिपायचं, पुन्हा पळायचं. अंडी दोन. जागा फक्त मला आणि एका मुलाला माहीत आहे.

नियम सगळ्यांनी पाठ केलेत: घरट्याच्या तीस मीटरच्या आत जायचं नाही. पक्षी उठून ओरडायला लागला तर मागे फिरायचं, कारण तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. घरट्याचा फोटो नाही, खूण म्हणून दगड नाही, झेंडा नाही. माणूस कुठे वाकतो हे कावळा बघतो आणि कुत्रं वास काढत येतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवायचा नाही.

४ मे

दोन त्रास. एक: सुट्टीत गावी आलेली पोरं माळावर मोटारसायकली घुमवून व्हिडिओ काढतात. चाकांच्या खुणा एका घरट्याच्या जेमतेम वावभर अंतरावर होत्या. त्यांच्यातलाच एक माझा जुना विद्यार्थी. त्याला दुर्बीण देऊन लांबून टिटवीची पिल्लं दाखवली. अंड्यातून बाहेर पडल्यापासून काही तासांत पिल्लू पायावर चालतं आणि आईने इशारा केला की आहे तिथे दगड होऊन पडून राहतं. तो बराच वेळ शोधत राहिला, सापडल्यावर म्हणाला, “बाई, यांच्यावरनं गाडी गेली तर कळणार बी न्हाई की ओ.” दुसऱ्या दिवसापासून गाड्या पाणंदीच्या पलीकडे फिरतात.

दोन: कुत्री. कोंबड्यांच्या दुकानाचा कचरा माळाच्या तोंडाशी टाकला जातो, त्यावर वाढलेली टोळी रात्री माळ पालथा घालते. तीन घरटी फुटलेली मिळाली. दुकानदारांशी बोलणं झालं, कचरा खड्ड्यात पुरायचं कबूल केलंय. कुत्र्यांच्या नसबंदीचा विषय पंचायतीत काढायचा.

२७ मे

पाऊस या वर्षी फार लवकर. २४ मेला केरळात आला आणि दोन दिवसांत आमच्या डोक्यावर. रोहिणी नक्षत्रात मुरमावर पाणी वाहताना कुणी पाहिलं नव्हतं असं आज्जा म्हणतात. सखल भागातलं एक घरटं वाहून गेलं. धाविकांची पिल्लं त्याआधीच बाहेर पडलेली. वाचली.

आज्जा मेंढरं घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखात निघाले. ओल्या जमिनीत मेंढरांचे खूर कुजतात. नेहमीपेक्षा लवकर निघावं लागलं, आता दिवाळीनंतर भेट.

८ जून

पर्यावरण दिनाची लागवड झाली, आणि माळावर झाली नाही. रोपं ओढ्याच्या वरच्या काठाला, शाळेच्या आवारात आणि रस्त्याकडेला गेली. जांभूळ, करंज, कडुनिंब, चिंच. खड्डे माझ्या विद्यार्थ्यांनीही खणले. चरांचं काम मधल्या माळावरून हटवून ओढ्याच्या नाल्यांमध्ये दगडी बांध घालायला वळवलं, म्हणजे मजुरीचे दिवसही बुडाले नाहीत. ज्या बायांची मजुरी यावर अवलंबून होती त्यांना मी आधीच भेटले होते. पक्ष्यांसाठी कुणाची रोजी गेली असती तर हा माळ गावाने मनापासून कधीच राखला नसता.

हे एका वर्षापुरतं आहे. लेखी ठराव अजून झालेला नाही.

२० जुलै

माळ हिरवागार. लाव्यांच्या हाका, तिरचिमण्यांचं वर-खाली उडणं. ओढ्याकडच्या गवतात लाल मुनियांचे नर. संध्याकाळी रातवा. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून सारखा वर उड्या मारतो, म्हणून मुलं आशेने उंच गवताकडे बघत बसतात. तो २०२१ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आमच्याकडे दिसलेला नाही.

लाव्यांसाठी लावलेले फासे सापडले, काढून वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना दिले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे बेकायदा आहे असं शाळेच्या फलकावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलं.

२१ सप्टेंबर

गवताच्या लिलावाची बैठक. दरवर्षी पंचायत गायरानावरचं गवत लिलावात देते आणि घेणारा सगळा माळ साफ करून नेतो. भोवत्ये येतात तेव्हा उंच गवत उरायचं ते फक्त ओढ्याच्या अडचणीच्या उतारावर. या वर्षीची मागणी एवढीच होती: ओढ्यालगतचा पट्टा फेब्रुवारीअखेरपर्यंत कापू नये, मार्चमध्ये कापावा. तोवर भोवत्ये परतायला लागलेले असतात आणि गवत वाळलं तरी छपराला चालतं.

घेणाऱ्याचं म्हणणं रास्त होतं: मार्चपर्यंत थांबलं तर चारा म्हणून भाव येत नाही. चर्चा तासभर चालली. शेवटी त्या पट्ट्याएवढी रक्कम लिलावातून वजा करायची आणि पट्टा पंचायतीकडे ठेवायचा असं ठरलं. ठराव कन्नडमध्ये लिहिला गेला, मी वाचून घेतला, त्यात ‘पडीक’ हा शब्द नाही, ‘गोमाळ’ आहे. जाळरेषा काढायचं काम उद्योग खात्रीत धरायचं, हेही त्यातच.

राहिलेली कामं: कुत्र्यांची नसबंदी, जैवविविधता समितीची पहिली बैठक, आणि शेजारच्या गावाच्या हद्दीतल्या माळाबद्दल त्यांच्या पंचायतीशी बोलणं. पक्ष्यांना शीव कळत नाही, आणि तिकडे चर खणले गेले तर इकडचं अर्धं काम वाया जाईल. तिथल्या शाळेतल्या बाई ओळखीच्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करणार.

रातथाऱ्याची पुढची मोजणी दिवाळीच्या सुट्टीत, आज्जा परत आल्यावर. दुर्बीण एकच आहे, ती नववीतून दहावीत गेलेल्या त्या मुलीकडे राहील. वर्षभराची यादी कन्नडमध्ये उतरवून पंचायतीला द्यायची आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात देते.